साऱ्या गल्लीची दुखणी

हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या, की पातेल्यावरचं झाकण जरासं सरकतं आणि एक हिरवट, मातकट, किंचित गोडसर वाफ घरभर पसरते. वर्ध्याकडच्या माणसाला हा गंध समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं आपोआप येतं: दाराबाहेर अंथरलेली सतरंजी, पाठीला सोसवेल इतपतच ऊन, मांडीवर शेंगांचं ताट आणि सोलता सोलता सैल होत जाणाऱ्या जिभा. माझं अर्धं बालपण त्या सतरंजीच्या काठावर गेलं. मोठ्या बायकांचं बोलणं कानावर पडावं म्हणून मी मुद्दाम हळूहळू शेंगा सोलत असे, आणि आई ते बरोबर ओळखून मला पाणी आणायला पिटाळत असे.

काय नसे त्या बोलण्यात? कुणाचा गुडघा, कुणाची सासू, कुणाची रात्र रात्र न येणारी झोप. घरात ज्याचा उच्चारही करायचा नाही, असं एखादं अवघड जागेचं दुखणं तिथे अगदी हलक्या आवाजात बाहेर येई. ऐकणारीला उपाय ठाऊक असेच असं नाही. ती नुसती 'हुं' म्हणे, एक दीर्घ निःश्वास सोडी आणि मूठभर दाणे समोरचीच्या हातावर ठेवी. ऊन सरकलं की सतरंजी झटकली जाई आणि जी ती आपल्या चुलीकडे वळे. सांगितलेलं सगळं विसरलं जाई म्हणावं, तर तसंही नव्हतं. पुढे कधी रस्त्यात भेट झाली, की 'बरी हायेस ना?' एवढं विचारण्यापुरतं ते कुठेतरी शिल्लक असे. माणसाने किती लक्षात ठेवावं आणि किती सोडून द्यावं, याचं एक उपजत तारतम्य त्या बायकांपाशी होतं. आज ते आठवलं की मन फार हळवं होतं.

माझी थोरली बहीण सुमनताई आमच्या आईची ती सतरंजीच घेऊन वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला राहायला आली, असं मी तिला चिडवते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली, पुढे भाऊजी गेले, मुलगा-सून नोकरीसाठी हैदराबादला स्थिरावले. घरात ती एकटी. गल्लीत मात्र सगळ्यांची 'बाई'. डॉक्टरांचं अगम्य अक्षर लावायचं असो की बँकेचा कागद वाचायचा असो, बायका तिच्याच दाराशी येत. मुलाने तिला चांगला मोठा फोन घेऊन दिला, तेव्हा त्या फोनचं अप्रूप तिच्यापेक्षा गल्लीलाच अधिक होतं.

तसे फोन आता घरोघरी आहेत. पण ताईच्या फोनचा एक गुण दुर्मीळ होता: तिच्यामागे तो उघडून पाहणारं घरात कुणी नव्हतं. पलीकडच्या घरातली शोभा ओट्यावर टेकून म्हणायची, "बाई, तुमच्याच फोनवर इचारा. माह्या फोनवर नोको, आमचं पोट्टं सारं पाह्यते." शोभाची जी तऱ्हा, तीच आणखी कितीजणींची. मग ताई शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत, शुद्ध उच्चारांत फोनला विचारायची. अंगावरून जास्त जात असेल तर काय करावे? मूल अजून बोलत नसेल तर कुणाला दाखवावे? पतीचे दारूचे व्यसन कसे सोडवावे? कुणाचंही नाव न घेता साऱ्या गल्लीची गुपितं तिने स्वतःच्या आवाजात विचारून दिली. तिच्या दृष्टीने ही आईचीच रीत होती, फक्त हातात शेंगांच्या जागी फोन आला होता.

पण फोन काही सोडून देत नाही. आपण काय विचारलं, काय उघडलं, कुठल्या चित्रावर आपलं बोट क्षणभर अधिक रेंगाळलं, हे सारं तो जपून ठेवतो आणि त्यावरून आपलं एक माणूस घडवतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की या आवाजामागे गल्लीभर बायका उभ्या आहेत? त्याच्या लेखी सुमनताई नावाच्या एकाच बाईला मुतखडा होता, गर्भाशयाला सूज होती, हातापायांना मुंग्या येत होत्या आणि जगण्याचा वीटही आला होता. मग तो तिला तेच वाढू लागला. सकाळी फोन हाती घेतला की 'ही लक्षणे अंगावर काढू नका', दुपारी कुठल्याशा रुग्णालयाची जाहिरात, संध्याकाळी पांढऱ्या कोटातला कुणी गंभीर चेहऱ्याने भीती घालणारा. घाबरून ती एक पाही, आणि तिने पाहिलं म्हणून तो आणखी दाखवी.

मी पिपरी मेघेला राहते. ऑटोत बसले की पोचले, इतकी जवळ. तरी ताईतला बदल माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आधी तिने चहा सोडला, मग वांगं, मग गोड. आरशासमोर उभी राहून जीभ बघायची. बोलता बोलता तिचा हात पोटावर जाऊन तिथेच राहायचा. रविवारच्या वंदनेला विहारात तिचा आवाज सगळ्यांत आधी उठायचा. ती विहारात जाईनाशी झाली. एके दिवशी तिने आपलं शिलाई मशीन मला देऊन टाकलं, आणि मी हावरट, आनंदाने ते ऑटोत घालून घरी आणलं. पुढच्या खेपेला तिच्या कपाटात नव्या साड्यांचं एक गाठोडं दिसलं. सुनेसाठी बांधून ठेवलंय, म्हणाली. तेव्हा मात्र मला उमगलं. माझी बहीण निरवानिरव करत होती.

"मंग दवाखान्यात काऊन जात नाईस?" मी चिडूनच विचारलं.

"अन् तिथं खरंच निंगालं तं?" ती म्हणाली. "फोन काऊन खोटं दाखवन? मी इचारतबी नाई, तरी रोज तेच दाखवून राह्यला. म्हंजे असनच काहीतरी मले."

आयुष्यभर मुलांना 'का' विचारायला शिकवणारी ही बाई! तिला हसावं की तिला कवेत घ्यावं, ते मला कळेना. पण विचार केला तर तिचं तरी काय चुकलं? जो आपल्याला रोज न चुकता हाक मारतो, ज्याला आपली पदोपदी काळजी असल्यासारखी वाटते, त्याच्यावर माणूस विश्वास टाकणारच. रिकाम्या घरात तर जरा जास्तच.

त्याच दुपारी मी तिच्याजवळ बसले आणि फोन दोघींच्या मधे धरला. म्हटलं, दाखव मला तुझी दुखणी. बोटाने वर सरकवत गेलो, आणि एका जागी मी थांबले. एक गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होते, दारू कायमची सोडा, घरबसल्या, कुणालाही न कळता.

"ताई, तू कधीपासून प्याले लागली? अन् या दारूबंदीच्या जिल्ह्यात आणतेस कुठून?"

ती आधी माझ्याकडे, मग फोनकडे बघत राहिली. आणि मग हसू लागली. पदराने डोळे पुसावे लागले, इतकी हसली. त्यानंतर तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि शाळेतले पेपर तपासावेत तशी एकेक गोष्ट बघत गेली. हे माहं नाई. हेबी नाई. हे तं बिलकूलच नाई. कुठलं कुणाचं, हे मात्र तिने माझ्यापुढे उच्चारलं नाही. गल्लीचा विश्वास तिने त्या क्षणीही मोडला नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. पोटावरचा हात केव्हा निघाला, ते तिलाही कळलं नसावं. एकदा तपासून घ्यायला माझ्याबरोबर यायचं तिने कबूल केलं. जे आपलं नाही ते एकेक करून पुसायचं कसं, ते मी तिला पुसूनच दाखवलं आणि एखादा गड सर केल्याच्या ऐटीत चपला घालून निघाले.

"थांब," ती मागून म्हणाली. "हे पाह्य."

पडद्यावर एक प्रौढ बाई शांतपणे बोलत होती. एकट्याने जेवायला बसवत नसेल तर काय करावं. त्याच्याखाली तसंच आणखी एक, संध्याकाळी घर खायला उठतं तेव्हाचं. आणि त्याखालीही तसंच.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"हे कोनंच नाई इचारलं," ताई म्हणाली. "मीबी नाई इचारलं."

"मंग हे इथं आलं कुठून?"

तिने अंगठ्याने पडदा आणखी थोडा वर सरकवला. मग फोनकडे पाहतच म्हणाली, "असं काही आलं म्हंजे पाह्यत बसत असीन मी. त्याले समजलं, पाह्य."

तिच्या स्वरात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि म्हणूनच मला रडू आवरेना. इतकी सारी खोटी दुखणी मी तिच्या फोनमधून शोधून काढली, बोटाने पुसून टाकली. हे एवढंच तिचं स्वतःचं होतं, आणि ते मला तिच्या फोनकडून कळलं.

मी चपला काढल्या आणि आत येऊन पाटावर बसले.

"आज इथंच राहीन मी," म्हटलं. "जेवाले काय करून राह्यली?"