मंडळाचा कॅमेरा आणि समईचा उजेड

तीन म्हाताऱ्यांना एका कमिटीत बसवा, किस्से आपोआप साचतात. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाने कॅमेरा घ्यायला कमिटी नेमली: अध्यक्ष नानाकाका, खजिनदार वसंतकाका, सचिव माझे बाबा. मी कॉलेज सोडलेला, म्हणून फुकटचा तज्ज्ञ.

माझंही काम होतं त्यात. गणपतीत मंडळात आरतीला दिवे बंद करतात, फक्त समई. दिवे लागले की ताटातले पेढे कमी! सगळे माझ्याकडे पाहणार. बाबांना शुगर, ते संशयाबाहेर. उलट तेच आधी विचारणार, "शिकणं तं सोडलं, आता हेही धंदे करून राहिला?"

मला समईच्या उजेडात फोटो काढणारा कॅमेरा हवा होता.

*

वसंतकाकांचा एकच प्रश्न. "मेगापिक्सेल किती?"

म्हटलं, "काका, अंधारात ते कामाचे नाहीत. सेन्सर मोठा पाहिजे, लेन्सने उजेड जास्त घेतला पाहिजे."

काका नानाकाकांकडे वळले. "कमी मेगापिक्सेलवाला महाग कॅमेरा काहून सांगून राहिला हा? दुकानदारानं काही कबूल केलं असंल याले."

*

नानाकाकांनी जावयाचा कॅमेरा आणून दाखवला. फ्लॅश मारला. गणपती पांढराफटक, समई गायब, सगळ्यांचे डोळे मिटलेले.

नानाकाका खूश. "भक्तिभाव कसा आला पाहा."

*

दुकानात बाबा सोबत आले, म्हणजे पहाऱ्याला. दुकानदार म्हणाला, "भैया, बाहर धूप में देखो, एकदम क्लियर."

मी कॅमेरा घेऊन काउंटरखाली शिरलो, अंधारात बघायला. बाबांनी घड्याळ पाहिलं. रेल्वेतून रिटायर होताना मिळालेलं, चौकोनी, सोनेरी पट्ट्याचं. मंडळात तसं दुसरं नाही. मग दुकानदाराला म्हणाले, "जाते वक्त इसकी जेब देख लेना."

*

शेवटी माझ्या पसंतीचा कॅमेरा एका दिवसासाठी मिळाला. आरती सुरू झाली, दिवे गेले. फ्लॅश बंद करून कॅमेरा खांबाला टेकवला, ताटावर रोखला, बटण दाबलं.

दिवे लागले. पेढे कमी. सगळे माझ्याकडे.

मी कॅमेऱ्याची स्क्रीन पुढे केली. समईची वात स्वच्छ, पेढ्यावरचा पिस्तासुद्धा स्वच्छ. ताटात एक हात. मनगटावर चौकोनी घड्याळ, सोनेरी पट्टा.

नानाकाकांनी पाहिलं. वसंतकाकांनी चष्मा वर करून पाहिलं. बाबांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"उद्या परत करून ये. अंधारात काहीच दिसत नाही याच्यात."

"हव," नानाकाका म्हणाले.

वसंतकाकांनी मान हलवली. "मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मेगापिक्सेल कमी आहेत."