कौसाक्कांचा गुलाबी फुगा

कौसाक्कांना हाक मारली आणि त्यांनी नुसताच हात वर केला, तर समजावं की फुगा चालू आहे. साठीच्या घरातली बाई, डोक्यावरचा पदर जागच्या जागी, नजर नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडाबाहेर पुरीएवढा गुलाबी फुगा. तो फुटला की ओठांवरचं बबलगम जिभेनं आत ओढायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोला आता मॅडम. मधी बोललं की हवा जाती."

तीर्थपुरीच्या शाळेत होते तेव्हा मी त्यांच्याकडे भाड्यानं राहत असे. आता बदली होऊन भोकरदनला आले, पण असं घर काही पुन्हा मिळालं नाही. गावात अक्कांचं नाव होतं ते मंगलाष्टकांसाठी. लग्न कुणाचंही असो, गुरुजींच्या शेजारी माईक धरून अक्का उभ्या. मंगलाष्टकं त्या स्वतः जुळवत. नवरीच्या आजोळापासून नवऱ्याच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळं त्यात बसवत आणि शेवटचं 'सावधान' इतकं लांबवत की गुरुजी घड्याळाकडे बघू लागत. "लोकं जेवायला आलेले असतेत, म्हाईत हे मला," अक्का म्हणत. "पण माझं ऐकल्याबिगर पंगत न्हाई!"

आणि त्याच अक्का एका सकाळी चूळ भरायला गेल्या, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे गेलेलं. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू सुधारेल, म्हणाले. ओठांचे आणि गालांचे व्यायाम सांगितले. पण ओठ मिटत नव्हते. प, ब, म म्हणायला जावं तर वारा कोपऱ्यातून निसटायचा. 'शुभमंगल' म्हणता येईना, आणि धाकट्या लेकीचं, वर्षाचं, लग्न तीन महिन्यांवर आलेलं. अक्कांनी तोंडाला पदर लावला तो लावलाच. "बँडवाल्याकडं मोबाईलमधी असतेत मंगलाष्टकं," म्हणाल्या. "लाव म्हणावं तेच."

वर्षा आईच्या वरताण. "मोबाईलमधल्या बाईच्या गळ्यावर मी लगीन लावून घेणार न्हाई," ती म्हणाली. "तू म्हण, न्हाई तर तारीख पुढं ढकला." त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत.

व्यायामात फुगे फुगवणंही होतं. पहिलाच फुगा गोठ्यापाशी फुटला. म्हैस दचकली, धारेची बादली लाथाडली आणि पुढं दोन दिवस तिनं दूध चोरलं. अक्कांनी उरलेले फुगे शेजारच्या पोरांना वाटून टाकले. तेव्हा डॉक्टरांना विचारून मी बबलगम आणलं. वर्गात ज्याच्यापायी पोरांना बाहेर उभं करायचं, तेच घरी बसून शिकवायची पाळी आली. अक्का ते चघळून फुंकायच्या, की सगळी गोळी सुटून समोर. एकदा तर पिठाच्या परातीत गेली, आणि तेवढी कणीक वेगळी काढताना आम्ही तिघी हसून हसून आडव्या झालो.

पण एकदा जमलं आणि मग अक्का मलाच शिकवू लागल्या. "आधी कणकीगत मळून घ्यायचं. साखर हे तवर ते ऐकत न्हाई. मंग जिभेनं दातावर थापायचं, ओठ गोल, अन फुंकर कशी, तर निखाऱ्यावर घालतो तशी. जल्दी केली की गेलं!" सुरुवातीला फुगा उजव्या गालाकडे निघायचा. हळूहळू तो मधे सरकू लागला. एका संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बोटानंच खूण करून दाखवलं: फुगा बराबर नाकाखाली. मला भरून आलं, खरंच.

अशातच विहीणबाई साड्या दाखवायला न सांगता आल्या. अक्कांचा फुगा नेमका तेव्हाच फुटला आणि नाकापासून हनुवटीपर्यंत चिकटला. वर्षा कपाळाला हात लावून आत पळाली. अक्का मात्र खोबरेल तेलानं गाल पुसत म्हणाल्या, "तोंड वाकडं झाल्तं विहीणबाई, सरळ करून राह्यले. लेकीच्या लग्नात म्हणायचंय मला." विहीणबाईंनी पदर सावरत हळूच विचारलं, "अजून एखादं हे का?" निघेपर्यंत त्यांनाही सुपारीएवढा फुगा यायला लागला होता.

लग्नात अंतरपाट धरला गेला आणि अक्कांनी तोंडावरचा पदर काढून माईक घेतला. हसताना ओठ अजून किंचित तिरका व्हायचा, पण पहिलं मंगलाष्टक स्वच्छ आलं. एकही अक्षर निसटलं नाही. मी नुसती त्यांच्या ओठांकडे बघत होते. दुसरंही झालं. तिसऱ्यात वर्षाचं नाव आलं, आणि अक्का थांबल्या. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. गुरुजी पुढं सरसावले, तेवढ्यात बायकांमधून कुणीतरी अक्कांच्याच चालीत 'शुभमंगल' उचललं आणि सगळ्या मांडवानं अक्कांसारखंच लांबवत 'सावधान' म्हटलं. अक्षता उडाल्या. अक्का डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. माईक हातात आहे हे विसरून म्हणाल्या, आणि सगळ्या मांडवानं ते ऐकलं, "ओठांना तीन महिने शिकवलं हो मॅडम, गळ्याला सांगायचं राहूनच गेलं!"