बोहोलचं कोनफळ

माझा एक स्वभाव आहे. कुणी अडचण सांगितली की मी आधी "सोड माझ्यावर" म्हणते आणि मग विचार करते. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, बॉस्टनच्या अलीकडे श्रूजबरीला राहायचो, तेव्हा मराठी मंडळात यावरून माझी यथेच्छ थट्टा व्हायची. मी काही सुधारले नाही.

वूस्टरच्या ज्या हॉस्पिटलात मी लॅबमध्ये काम करायचे, तिथली एक फिलिपिनो नर्स माझी मैत्रीण झाली. दोघींच्याही डब्यात भात, आणि भाताशिवाय जेवण ते कसलं जेवण, यावर पहिल्याच दिवशी आमचं एकमत. ती बोहोल नावाच्या प्रांतातली. प्रांत कसला, समुद्रातलं बेटच ते. एका दुपारी तिने डबा उघडलाच नाही. उन्हाळ्यात ती आईला भेटायला जाणार होती आणि सोळा वर्षांची लेक बरोबर यायला तयार नव्हती. लेकीला आइस्क्रीमच्या दुकानातला जॉब सोडायचा नव्हता. शिवाय तिकडे आहे काय, हा तिचा सवाल. आजीने नातीला पाहिलं होतं ते पाळण्यात असताना, आणि आजी आता थकली होती.

"ओढून नेईन गं," मैत्रीण म्हणाली, "पण ती तिथे तोंड पाडून बसली तर माझ्या आईला काय वाटेल? आपलं घर नातीला नकोय, असंच ना?"

मला गलबलून आलं. "सोड माझ्यावर," मी म्हटलं.

मग विचार केला. मंडळात बोहोलवर तिचं भाषण ठेवायचं आणि स्लाइड बदलायला लेकीला बसवायचं. तास-दीड तास हलता येणार नाही, कानावर पडेल ते पडेल. नवऱ्याने हे ऐकून कपाळाला हात लावला. लावू दे.

आता मंडळाचा कार्यक्रम म्हणजे शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला, चारचा कार्यक्रम पाचला सुरू, फायर अलार्म वाजू नये म्हणून समईची वात इवलीशी. स्वागतगीत झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, आणि माझं प्रास्ताविक असं लांबलं की नमनालाच घडाभर तेल गेलं. मैत्रिणीलाही मीच बजावलं होतं, शिस्तीत बोल. आधी भूगोल, मग इतिहास, मग उत्पन्नाची साधनं, शेवटी पर्यटकांनी काय पाहावं. बिचारी अगदी तस्सं बोलली. हजाराच्या वर टेकड्या, भाताच्या मुदी पाडून ठेवाव्यात तशा एकसारख्या. उन्हाळ्यात गवत वाळून तपकिरी झालं की चॉकलेटसारख्या दिसतात, म्हणून नावही तेच. स्पॅनिश लोकांच्या काळातली पोवळ्याच्या दगडांची चर्चेस. नारळ, भात, मासळी, हाताने विणलेल्या टोपल्या. मुठीत मावेल एवढं, नुसते डोळेच डोळे असलेलं एक जनावर. स्लाइड्स काय सुरेख होत्या! पण मागच्या रांगेत दारातला बर्फ उडवायला स्नो-ब्लोअर कोणता घ्यावा यावर चर्चा रंगलेली, आणि लेक एका हाताने बटण दाबत दुसऱ्या हाताने जांभई झाकत होती. माझा जीव खालीवर. पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही.

शेवटी सत्कार. शाल आणि श्रीफळ. नारळाच्या बेटावरच्या बाईला मी नारळ दिला, यावरून काका लोक वर्षभर मला हसले. शाल झोकात उलगडताना तिचा पदर टेबलावरच्या कंदाला लागला. मैत्रिणीने बॉस्टनच्या चायनाटाउनमधून तो खास दाखवायला आणला होता. वरून मातकट, आतून जांभळा. उबी म्हणतात त्याला. तो धपकन खाली पडला आणि घरंगळत थेट प्रोजेक्टरपाशी गेला.

लेकीने वाकून तो उचलला. तळहाताने पुसला. आणि अगदी सहज, तंद्रीत असल्यासारखं, त्याचा मुका घेतला.

पहिल्या रांगेतल्या अलिबागच्या काकू ताडकन उठल्या. अगं, हे तर आपलं कोनफळ, आणि ही त्याचा मुका काय घेते? आपण नाही का, पुस्तकाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावत, तसंच दिसतंय हे, असं त्यांनी सगळ्यांना मोठ्याने समजावलं आणि मग इंग्रजीत मुलीलाच विचारलं. मुलगी कानापर्यंत लाल झाली. पण शंभर डोळे तिच्यावर, सुटका नव्हती. ती सांगू लागली. बोहोलला एकदा मोठा दुष्काळ पडला, काहीच पिकेना, तेव्हा जमिनीखालच्या या कंदाने माणसं जगवली. म्हणून तो हातातून पडला तर त्याची माफी मागायची. आई घरी करते, म्हणून तीही करते. आजीच्या परसात याचा वेल आहे, चांगला झाडावर चढलेला. स्नो-ब्लोअरवालेही माना उंचावून बघत होते. आईला तासभरात जे जमलं नाही, ते पोरीने दोन मिनिटांत केलं.

काकू कसल्या थांबतायत.

"तू बघितलायस तो वेल?"

मुलीने हातातल्या कंदाकडे पाहिलं, मग शाल पांघरून उभ्या असलेल्या आईकडे.

"नॉट येट," ती म्हणाली.

मैत्रिणीने माझा दंड असा काही आवळला की वळ उठला. आभार मी मानायचे होते, पण मी दंड चोळत तिथेच उभी राहिले. अध्यक्षांनी घाईघाईने मंडळाचे, शाळेचे, बटाटेवडे करणाऱ्यांचे आभार मानले आणि जेवण सुरू झालं.

लेक पानावर बसली तेव्हा कंद तिच्या मांडीवर होता. टेबलावर ठेव म्हटलं, तर नको म्हणाली, परत पडेल.