चारच्या मॉडेलचा फुकटचा शेक

सीटखालून धूर आला तेव्हा नात माझ्या मांडीवर झोपली होती. तिला कवटाळून मी दार ढकललं आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. गुडघे फुटले. वळून बघितलं तर सीटच्या फटीत जाळ दिसत होता, आणि दीर स्टेअरिंगवर बसूनच म्हणत होते, "वहिनी, थांबा, हिचं असंच असतं."

काय असंच असतं? चांदवडच्या घाटात गाडी पेटली होती.

दिरांची व्हॅन दोन हजार चार सालची. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे बसणाऱ्याला थोडी धग लागतेच. पण त्या आठवड्यात सीटवर टेकवत नव्हतं आणि पेट्रोलचा वास डोक्यात जायचा. म्हणून इंदिरानगरहून निघाल्यावर आधी द्वारका चौकातल्या गॅरेजला गाडी दाखवायला लावली. तिथला फिटर दिरांचा दोस्त. कुठल्या सालच्या व्हॅनला कुठली खोड, हाच दोघांचा खेळ. तीनची म्हणे चढावर बायकांना खाली उतरवते. पाचचा हॉर्न फक्त सासुरवाडीला वाजतो.

"काकू, चारच्या मॉडेलला कंपनीनं शेक फुकट दिलाय," फिटर मला म्हणाला. "गुडघेदुखीवर. पाचपासून बंद केला."

"आणि वास?"

"वास येतो तीच असली चार. नाही आला तर कागद तपासायचे."

दीर हसून वाकले. चहा झाला. सीट कोणी उचलून बघितली नाही. आम्ही निघालो.

घाटात शेवटी दिरांनी सीट उलथवली. त्यांनी ओंजळीनं आणि मी पदरातून माती आणून टाकली, तेव्हा जाळ विझला. नात रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती.

गाडी ओढून परत त्याच गॅरेजला आणली. पेट्रोलचा पाईप चिरलेला निघाला. फिटर म्हणाला, "काकू, मी गमतीत म्हणालो होतो."

"गमतीत म्हणालास ते तेव्हाच कळलं. मग बघितलं का नाहीस?"

तो दिरांकडे बघायला लागला. दीर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. पाचच्या पाईपला असं होत नाही."

त्यानंतर मी त्या गाडीत पाय ठेवला नाही, नातीलाही ठेवू दिला नाही. घरात मलाच तापट म्हणतात. म्हणोत. त्या दिवशी गाडीत मी, दीर आणि पाच वर्षांची नात होतो. तिघंही जिवंत आहोत.