बाळ्याची ताई

माझी आत्या भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात आया होती. दिवसभर किंकाळ्या ऐकून तिचा स्वतःचा आवाजही चढा झाला होता, "चहा घेणार का?" असं तिने विचारलं तरी समोरचा दचकायचा. अंगाने दाराएवढी. आणि माझ्या वडिलांना, पत्र्याच्या कारखान्यात प्रेस चालवणाऱ्या, बैलासारख्या मानेच्या माणसाला, ती 'बाळ्या' म्हणायची.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. स्वयंपाक माझ्याकडे आला. वडिलांचा एकच हट्ट: पोळी तव्यावरून थेट ताटात, तीही टम्म फुगलेली. कामावरून आले की ओट्याजवळच भिंतीला टेकून बसायचे. माझी कणीक कधी पातळ व्हायची, कधी दगड. पोळी एकीकडे जाड, दुसरीकडे भोक. कच्चा काठ दाताखाली आला की ताट भिंतीवर जायचं आणि लाटणं माझ्या पाठीत. कधी गरम चिमट्याने कान धरायचे. भिंतीवरचे आमटीचे ओघळ मग मीच पुसायचे. शाळेत बाईंनी विचारलं की सांगायचं, पडले.

एका सुट्टीच्या दुपारी पोळी करपली. मी क्षणभर खिडकीबाहेर बघत होते, एवढंच झालं. वडील उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"डोळे फुटलेत ना तुझे? मग हाताने बघ तवा किती तापलाय ते."

आणि उजवा पंजा तव्यावर दाबला. माझी किंकाळी मला आठवत नाही. वास आठवतो.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू दार बडवायला लागल्या. "वेंधळी आहे कार्टी, भाजून घेतलं," वडील म्हणाले. काकू सरळ आत शिरल्या. मला ओढतच आपल्या घरी नेलं, हात नळाखाली धरला आणि आत्याला फोन लावला.

आत्या कामाच्या कपड्यांवरच आली. तिने माझा पंजा उजेडात धरून पाहिला.

"चुकून भाजलं की माणूस हात मागे घेतो," ती काकूंना म्हणाली. "हा दाबून धरलाय."

तिने पट्टी बांधली. मग ती उठली आणि आमच्या घरात शिरली. मी काकूंच्या मागून दारापर्यंत गेले.

वडील जेवत होते.

"बाळ्या, ऊठ."

"ताई, आमच्या घरच्या भानगडीत तू पडू नकोस."

"ऊठ म्हटलं ना! कणीक भिजवलेली आहे, तवा आहे. लाट पोळी. तुझी किती फुगते ते बघू दे मला."

वडील हसले. आत्याने त्यांच्या पुढ्यातलं ताट लाथेने उडवलं. पुढच्याच क्षणी त्यांनी पोळपाट उचलला आणि तिच्या कपाळावर घातला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. तिने ते बाहीने पुसलं, लाटणं उचललं आणि त्यांच्या कोपरावर मारलं, मग मनगटावर. काडकन आवाज आला. वडील गुडघ्यांवर आले. तरी ती थांबेना. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर. तिने त्यांना नुसतं तुडवून काढलं. पिठाचा डबा उपडा झाला आणि दोघंही पांढरीफटक दिसायला लागली. जिथे रक्त होतं, तिथे पिठाचा लाल चिखल.

"आपले आप्पा मारायचे तेव्हा तू कुठे लपायचास? सांग! तुझ्या पोरीला ऐकू जाऊ दे!"

"ताई, बस कर..."

"कुठे लपायचास?"

"तुझ्या मागे." वडील लहान मुलासारखे हुंदके देत होते. "तुझ्या मागे लपायचो, ताई."

आत्याच्या हातून लाटणं गळून पडलं. ती पिठातच बसली आणि भात्यासारखी धापा टाकत राहिली.

त्यांना दवाखान्यातही तिनेच नेलं. डॉक्टरांना म्हणाली, "याचा हात मी मोडलाय. आधी त्याला प्लास्टर घाला, मग माझं कपाळ शिवा. ते त्याने फोडलंय." डॉक्टर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले.

त्याच दिवशी आत्याने मला आपल्या खोलीवर आणलं. वरच्या मजल्यावरची एकच खोली, वर यायला लोखंडी जिना. तवा गॅसवर चढला की मी दाराकडे पळायचे. तिने कधी जबरदस्ती केली नाही. "तिकडे दारात बस, तिथूनच बघ," म्हणायची. कणीक मळून झाकून ठेवायची. तवा तापला की नाही हे पाण्याचा थेंब टाकून बघायची. "बघ, थेंब कसा नाचतोय." पोळी फुगली की फडक्याने काठ हलकेच दाबायची, म्हणजे वाफ कच्च्या बाजूला सरकायची. हळूहळू मी दारातून ओट्यापर्यंत आले. एक दिवस डाव्या हाताचाच जोर लावून मी एक पोळी लाटली. ती बुटाच्या तळव्यासारखी झाली होती. आत्याने ती तूप लावून खाल्ली आणि म्हणाली, "हा एक झाला, आता जोडीचा दुसरा बूट पण कर."

आमचं असं बरं चाललं होतं. मग प्लास्टर निघाल्यावर वडील आले. भर दुपारी पिऊन.

"माझी पोरगी आहे! घरी माझं कोण करणार?"

पहिल्याच लाथेला कडी निखळली. आत्याने त्यांना ढकलत जिन्यापर्यंत मागे नेलं. तिथे त्यांनी तिचे केस मुठीत धरले, तिला गर्रकन फिरवलं आणि खाली लोटून दिलं. लोखंडावर तिचं अंग आपटत गेलेलं मला पायरी पायरीला ऐकू आलं. मग ती ओरडली. वॉर्डातल्या माणसांसारखी.

वडील माझ्याकडे वळले. गॅसवर तवा होता. मी तो चिमट्याने उचलला आणि चिमटा दोन्ही हातांनी समोर धरला.

"पुढे आलात तर तोंडावर मारीन, बाबा."

ते थबकले. ते माझ्याकडे बघतच नव्हते, तव्याकडे बघत होते. तेवढ्यात खालची माणसं धावत वर आली. त्यांनी वडिलांना खाली पाडलं आणि मारायला सुरुवात केली. बुटांनी, पट्ट्याने, जे हाताला लागेल त्याने. जिन्याखालून, खुबा मोडलेला असताना, आत्या बोंबलत होती, "पुरे! पुरे रे! मरेल माझा बाळ्या!"

पोलीस आले म्हणून ते वाचले.

खटल्यात आत्याने काठी टेकत उभं राहून सगळं सांगितलं. तवा, जिना, काहीच लपवलं नाही. लाटणंसुद्धा. बाहेर आल्यावर ती कोपऱ्यात गेली आणि भडाभडा ओकली. वडिलांना शिक्षा झाली. आत्या जन्माची लंगडी झाली; वॉर्डात तिला बसून पट्ट्या कापायचं काम मिळालं.

सुटल्यावर ते आले तेव्हा मी कॉलेजात होते. एवढेसे झाले होते, मान बारीक. आत्याने दार साखळीपुरतंच उघडलं.

"आत नाही. पायरीवर बस. जेवलायस का?"

ते नाही म्हणाले. ती लाटत गेली, मी भाजत गेले. ताट तिनेच फटीतून बाहेर सरकवलं. वडील मान खाली घालून खात होते. थंड झालेली शेवटची पोळीसुद्धा त्यांनी निमूट खाल्ली.

"ताई, इथे राहू का?"

"नाही."

"मग जाऊ कुठे?"

"कुठेही जा. इथे नाही."

त्यांनी ताट दाराशी ठेवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. जिना उतरून गेले. त्यानंतर ते आम्हाला कधी दिसले नाहीत.

आत्या परत ओट्याशी उभी राहिली आणि लाटत सुटली. आम्हा दोघींना पुरून उरतील एवढ्या पोळ्या झाल्या, तरी तिचं लाटणं थांबेना. शेवटी मीच गॅस बंद केला.

"आत्या, कोण खाणार एवढ्या?"

"वॉर्डात नेईन," ती म्हणाली, आणि लंगडत हात धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.