दिवाणातली शिंदी

मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडायला फारसं साहित्य लागत नाही. एक शिंदीचं झाड, एक मडकं आणि माझ्यासारखी हौशी आई, एवढं पुरतं.

झालं असं, की मोबाइलवर मी कॅनडातल्या एका बाईचा व्हिडिओ पाहिला. गुडघाभर बर्फात उभी राहून ती झाडाला भोक पाडते, खाली बादली टांगते, थेंब थेंब रस गोळा करते आणि आटवून त्याचा मधासारखा पाक करते! मी पेटलेच. (रिटायर झालेल्या मास्तरणीला पेटायला काडी लागत नाही.) जळगावात बर्फ नसेना का! आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये शिंदीचं ठेंगणं झाड होतं, थंडी पडली होती, आणि शिंदीचा रस थंडीतच झरतो. शिवाय निमित्तही होतं. आमच्या परागला चाळीसगावची तेजल आवडली होती, आणि रविवारी तिचे आजी-आजोबा आमचं घर बघायला येणार होते. भरीत-पुरीचं जेवण झालं की घरच्या पाकासोबत गरम धिरडी वाढायची, असं मी ठरवूनच टाकलं.

तेजलचे आजोबा म्हणजे नाना. तिच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. गावोगाव व्यसनमुक्तीवर भाषणं द्यायचे. तेजलच्या आधीच्या एका स्थळाच्या अंगणात पानाची पिचकारी दिसली, तर चपलाही न काढता परत फिरले होते म्हणे!

"आपल्याला काय भीती?" मी म्हटलं. "आपल्याकडे सुपारीसुद्धा पूजेपुरतीच येते."

"भीती नाही, पण एक सांगतो," आमचे हे शिडीवरून म्हणाले. (शिडीवर त्यांना मीच चढवलं होतं.) "मडक्याला आतून चुना लावतात म्हणे. नाहीतर रस आंबतो."

"होणाऱ्या सोयऱ्यांना पहिल्याच भेटीत चुना लावू?"

"अगं, सोयऱ्यांना नाही, मडक्याला!"

"एकच ते! शुभकार्याच्या वेळी असलं अभद्र बोलू नका. आणि मडकं घट्ट बांधा."

ह्यांनी मडकं बांधलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस वाद घालत नाही, नुसता सुतळी मागतो.

रोज सकाळी तांब्याभर रस मिळायला लागला. ताजा रस इतका गोड, की मी चमचाभर चाखायची आणि तांब्या अर्धा व्हायचा. पण रोज एवढ्याशासाठी गॅस कोण जाळणार? मी रस सरबताच्या बाटल्यांत भरायला लागले, बुचं चांगली ठोकून बसवली. फ्रिजमध्ये भरिताच्या वांग्यांनी जागा अडवली होती, म्हणून बाटल्या ओट्याखाली शेगडीच्या उबेला ठेवल्या. गारठायला नकोत बिचाऱ्या! रविवारी सकाळी सगळा रस एकदम आटवायचा बेत होता.

रविवारी सकाळी पातेलं चढवलं, पहिलं बूच उपटलं, आणि फस्सकन् फेस माझ्या पदरावर आला. वास असा, की ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "कोण आलंय गं पिऊन?"

"कोणी नाही! शिंदी आहे."

"ही शिंदी नव्हे, बाई," आत येऊन वास घेत हे म्हणाले. "ही *शिंदी* आहे."

इथे आमच्या खानदेशाचा घात आहे. झाडालाही शिंदी म्हणायचं आणि त्याच्या दारूलाही शिंदीच! दोन शब्द केले असते तर भाषेचं काय बिघडलं असतं?

तेवढ्यात परागचा फोन आला. पुण्याहून येताना तो नाना आणि अक्कांना, म्हणजे तेजलच्या आजीला, गाडीतून घेऊन येत होता.

"आई," तो कुजबुजला, "काल तू तेजलला फोनवर काय सांगितलंस?"

"काही नाही. ती म्हणाली, काय करताय? मी म्हटलं, शिंदी काढतेय."

"अगं आई! तिनं जेवताना ते तसंच्या तसं नानांना सांगितलं!"

"मग? नाना काय म्हणाले?"

"काहीच नाही. चाळीसगावपासून गप्प आहेत. आम्ही एरंडोलला चहाला थांबलोय, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी." मग हळूच म्हणाला, "आई, मला तेजलच पाहिजे गं."

हे पोरगं लहानपणी खेळण्याच्या दुकानातही कधी हट्ट करत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि त्यावर मी शिंदी ओतली होती!

मी बाटल्या मोरीत रिकाम्या करायला धावले. हे आडवे आले. "वेडी आहेस का? गल्लीभर वास जाईल! आणि शिंदी काढायला परवाना लागतो म्हणतात."

"हे आत्ता सांगताय?"

"चुन्याचं आधीच सांगितलं होतं. ऐकलंस?"

एरंडोलहून जळगाव ते किती! शेवटी बाटल्या गोधड्यांत गुंडाळून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत आडव्या भरल्या, वर गादी, वर नवी चादर. घरभर उदबत्त्या लावल्या. दारात गाडी थांबली तेव्हा आमचं घर कुठल्याशा मठासारखं धुरकटलं होतं.

नाना आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, चेहरा इस्त्री केलेला. अक्का खुर्चीत बसल्या. नानांसाठी मी दुसरी खुर्ची पुढे ओढली, तर "राहू द्या" म्हणून ते नेमके दिवाणावर बसले!

"घर छान आहे," अक्का म्हणाल्या.

"फट्ट!" दिवाण म्हणाला.

"उंदीर!" मी ओरडले.

"थंडीनं लाकूड तडकतं," त्याच क्षणी हे म्हणाले.

नानांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी पोह्यांची बशी त्यांच्या हातात कोंबली. पराग भिंतीला टेकून नानांकडे बघत होता.

"फट्ट! फट्ट!"

दुसऱ्या फट्टला नाना बशीसकट चांगले वीतभर उडाले. (गादी जाड होती म्हणून वीतभरच!) आणि मग दिवाणाच्या फटीतून पांढरा फेस हळूहळू बाहेर आला, नानांच्या पायाशी थांबला आणि वळून त्यांच्या धोतराकडे निघाला. उदबत्त्यांनी हात टेकले. मला रडूच फुटायच्या बेतात होतं. गेलं, माझ्या पोराचं लग्न गेलं!

नाना वाकले. फेसात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मग सवयीनं ते बोट तोंडात गेलं.

"बुचं घट्ट ठोकेल शेतस का?" त्यांनी विचारलं. गाडीत शुद्ध मराठीत गप्प बसलेला माणूस अहिराणीत बोलला!

"हो," मी कशीबशी म्हणाले.

"शिंदीले असं कोंडानं नही, बाई. बूच ढिलं ठेवानं, नहीते बठ्ठ्या बाटल्या फुटतीन."

या खेपेला सगळे माझ्याकडे नाही, नानांकडे बघत होते.

"तुमले कसं माहीत?" अक्कांनी विचारलं.

"ऐकेल शे."

"ऐकेल शे? मंग बोट कसाले चाटं?"

नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. घसा खाकरून ते भाषणातल्या मराठीत म्हणाले, "मुलगी द्यायला आमची हरकत नाही. मात्र आजचा विषय या दिवाणाबाहेर जाऊ नये."

तेवढ्यात "फट्ट!" झालं. दिवाणानं मान्यता दिली. परागनं वाकून नमस्कार केला, आणि आनंदाच्या भरात नेमका फेसात गुडघा टेकला. मी तर रडलेच, उघडउघड. धिरडी मात्र शेवटी साध्या गुळासोबत वाढली.

लग्न चाळीसगावात थाटात झालं. मुलीकडच्यांनी मांडलेलं रुखवत बघायला मी मोठ्या ऐटीत गेले. लाडू, करंज्या, भरतकाम, आणि मधोमध रंगवलेलं, झाकण घातलेलं एक छोटं मडकं. खाली चिठ्ठी होती, अक्षर थरथरतं, म्हाताऱ्या माणसाचं: "विहीणबाईंना सप्रेम. झाकण ढिलं ठेवणे."

सगळं वऱ्हाड तिथेच जमलं. "बाई, ह्यात काय आहे हो?" जो तो मला विचारत होता. मी झाकण उचलून आत डोकावले.

आत चुना होता. तळापासून काठापर्यंत, दोन हात देऊन, अगदी नीट लावलेला.