चेनमावशीचा पायगुण

बाजाररस्त्यावरची निम्मी शटरं कायमची खाली आली, तेव्हा नगररचनेच्या मॅडम येऊन पाहून गेल्या. "एक गाळा बंद दिसला की गिऱ्हाईक पुढे पाऊलच टाकत नाही," त्या म्हणाल्या. उपाय ठरला: रिकाम्या गाळ्यात कुणीतरी बिनभाड्यानं बसायचं आणि खरा भाडेकरू मिळाला की उठायचं.

पहिली बसली चेनमावशी. पॅन्टच्या चेन बदलायच्या, बाह्या आखूड करायच्या, पिशव्यांचे बंद शिवायचे, हे तिचं काम. आजवर ते घराच्या जिन्याखाली चालायचं. आता काचेमागे मशीन आलं आणि मशीनच्या वरताण मावशीचं तोंड चालू लागलं. "चेनला काय धाड भरलीय? पोट आवर की मेल्या!" हे ऐकायलाही लोक रेंगाळत. लोक रेंगाळतात म्हणून समोर चहावाला आला, आणि चहाची गर्दी बघून मावशीच्या गाळ्याला चष्मेवाला मिळाला.

मावशी पुढच्या गाळ्यात गेली. तिथंही तेच. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, कापडवाले काका, दर वेळी हात चोळत यायचे. "काय आहे ना मावशी, तुमचा पायगुणच असा! तर काय आहे ना, रविवारपर्यंत उठायचंय."

"पाय माझा आणि गुण तुम्हाला," असं म्हणून मावशी मशीन उचलायची.

होता होता कोपऱ्यावरचा एकच गाळा रिकामा उरला. तिथून उठायचं तर जायचं कुठे? जिन्याखाली सुनेनं वॉशिंग मशीन बसवलं होतं. मावशीनं मनाशी ठरवलं, या गाळ्याकडे कुणी ढुंकूनही बघता कामा नये. काच पुसणं बंद. दिवा बंद. आलेल्याला तोंडावर, "आज नाही, उद्याही नाही."

"नाही म्हणतेय म्हणजे हातात कामाचा ढीग असणार," असं म्हणत लोकांनी रांग लावली. रांग बघून बेकरीवाला जागा बघायला आला.

"काय आहे ना मावशी…"

"काय आहे ते पाठ झालंय मला."

मशीन घरी आलं आणि मधल्या वाटेतच बसलं. सून म्हणाली, "आई, बाथरूमला एक तर हे मशीन जाईल, नाहीतर मी."

आठवड्याभरानं मागच्या गल्लीतले तिघे दुकानदार दारात उभे. "मावशी, आमच्या गल्लीत कुत्रं फिरकत नाही. तुम्ही नुसत्या येऊन बसा."

"बसते. पण बसले की उठणार नाही. परवडेल ते भाडं देईन. नवा कुणी आला तर त्याला शेजारी बसवा."

"मॅडमच्या योजनेत तसं नाहीये हो."

"मग मॅडमलाच बसवा मशीनवर."

दोघे तिसऱ्याकडे बघू लागले. तो भांडीवाला, गल्लीत सगळ्यात जुना. त्यानं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा मशीन ओलांडून पलीकडे जायला धडपडणाऱ्या सुनेकडे.

"बरं, नाही उठवत," तो म्हणाला आणि वाकून मशीनची एक बाजू धरली. "उभे काय राहिलात? धरा तिकडून."